दोन उजेडांचा हिशेब : नगर जिल्ह्यातील फिल्म छायाचित्रण आणि फ्लॅशचा प्रश्न

अहिल्यानगर, म्हणजे कागदोपत्री कालपर्यंतचा अहमदनगर आणि लोकांच्या तोंडचा नगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून सुमारे १७,००० चौरस किलोमीटरच्या या मुलखात छायाचित्रकाराला परस्परविरोधी स्वभावाचे उजेड भेटतात. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीचा मुख्य कणा, १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आणि पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे न हलणारे धुके आहे. पूर्वेला आणि दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत हे पर्जन्यछायेतले तालुके आहेत, जेथे वर्षातील बहुतेक दिवस आकाश निरभ्र असते आणि दुपारच्या उन्हात माळावर सावली शोधावी लागते. अशा प्रदेशात फिल्मवर छायाचित्र घेताना फ्लॅश वापरावा की असलेल्या उजेडावरच विसंबावे हा प्रश्न सहसा आवडीनिवडीचा मानला जातो. प्रत्यक्षात तो भूगोल, रसायन आणि शिष्टाचार या तिन्हींना एकाच वेळी स्पर्श करतो, आणि त्याचे उत्तर ठिकाणागणिक बदलते.

डिजिटल कॅमेऱ्यात प्रत्येक चित्रासाठी संवेदनक्षमता बदलता येते आणि चुकलेले चित्र लगेच दिसते. फिल्ममध्ये या दोन्ही सोयी नाहीत. फिल्मची संवेदनक्षमता, म्हणजे ती किती कमी उजेडात चित्र धरू शकते याचे माप, एएसए किंवा आयएसओ या आकड्याने सांगतात आणि तो आकडा रोल कॅमेऱ्यात घालताना ठरून जातो. १०० एएसएचा रोल घालून सकाळी माळावर निघालेल्या माणसाला संध्याकाळी देवळाच्या गाभाऱ्यातही तोच रोल चालवावा लागतो, आणि छत्तीस किंवा मोठ्या आकाराच्या रोलवर बारा चित्रे संपेपर्यंत त्याची त्यातून सुटका नसते. त्यामुळे उजेडाचा निर्णय कळ दाबण्याच्या आधी, मनातल्या मनात हिशेब करून घ्यावा लागतो.

एकाच निगेटिव्हवर दोन नोंदी

या हिशेबाचे मूळ समजले की फ्लॅश आणि नैसर्गिक उजेड यांतील भांडण बरेचसे निवळते. कॅमेऱ्यात उजेडावर दोन नियंत्रणे असतात : भिंगातील छिद्राचा आकार, जो एफ/८, एफ/११, एफ/१६ अशा आकड्यांनी सांगतात आणि ज्यात आकडा वाढला की छिद्र लहान होते, आणि शटर, म्हणजे उजेड अडवणारा पडदा किती वेळ उघडा राहतो ते. सूर्याचा किंवा दिव्याचा उजेड अखंड असल्याने त्याची नोंद छिद्र आणि शटर या दोन्हींवर अवलंबून असते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचा लखलखाट मात्र साधारणपणे सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात आटोपतो, त्यामुळे शटर सेकंदाचा साठावा भाग उघडे असो की अर्धा सेकंद, त्या लखलखाटाची नोंद तेवढीच होते आणि ती केवळ छिद्राच्या आकारावर व अंतरावर ठरते. म्हणजे फ्लॅश वापरून घेतलेल्या प्रत्येक चित्रात एकाच निगेटिव्हवर दोन वेगळ्या नोंदी झालेल्या असतात, आणि शटरचा वेग बदलून त्यांतील नैसर्गिक उजेडाचा वाटा हवा तसा कमीजास्त करता येतो.

अंतराचा नियम याहून कठोर आहे. उजेडाचा उगम लहान असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर त्याची तीव्रता चौथा हिस्सा उरते. म्हणून फ्लॅशगनवर एक मार्गदर्शक अंक छापलेला असतो आणि त्याला मीटरमधील अंतराने भागले की छिद्राचा आकडा मिळतो. १०० एएसएच्या फिल्मसाठी २८ हा अंक असलेली फ्लॅशगन साडेतीन मीटरवरील माणसाला एफ/८ वर योग्य उजळते, पण त्याच्या मागे, फ्लॅशपासून सात मीटरवर, उभ्या असलेल्या माणसापर्यंत त्याचा चौथा हिस्साच पोहोचतो. लग्नाच्या समूहचित्रांत पुढच्या रांगेचे चेहरे पांढरेफटक आणि मागची रांग काळवंडलेली दिसते, ती या नियमामुळे.

माथ्यावरचा सूर्य

फ्लॅश अंधारातच लागतो हा समज नगरच्या उन्हात सर्वांत आधी खोटा ठरतो. जिल्ह्याचे मुख्य शहर सुमारे १९.१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो, आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे कललेला असला तरी माथ्यावरच राहतो. त्र्यंबकेश्वरहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी याच काळात नगर जिल्ह्यातून पंढरपूरकडे जाते. ढग नसलेल्या दुपारी वारकऱ्याच्या पांढऱ्या टोपीवर पडणारा उजेड आणि टोपीखालच्या डोळ्यांच्या खोबणीतली सावली यांतील अंतर इतके मोठे असते की टोपीसाठी मोजमाप केले तर चेहरा काळा पडतो.

येथे दोन मार्ग असतात. पहिला फिल्मच्या स्वभावातून निघतो : निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड बराच सहन करते, म्हणून मोजमाप चेहऱ्याच्या सावलीसाठी करून टोपीला दोनतीन पायऱ्या (दर पायरीला उजेड दुप्पट) जास्त उजेड मिळू दिला, तरी छापताना टोपीचा तपशील परत आणता येतो. पारदर्शिका, म्हणजे स्लाइड फिल्म, ही सवलत देत नाही. तिच्यावर जास्त उजेड पडलेला भाग कोरा होतो आणि तो कोणत्याही उपायाने परत येत नाही. दुसरा मार्ग भर-फ्लॅशचा, म्हणजे सावली पुसून न टाकता ती थोडीशी उघडण्यापुरता फ्लॅश देण्याचा. निरभ्र उन्हात १०० एएसएच्या फिल्मसाठी एफ/१६ वर सेकंदाचा १२५ वा भाग हे रूढ मोजमाप आहे. पण पस्तीस मिलिमीटरच्या अनेक जुन्या कॅमेऱ्यांत शटरचे दोन पडदे एकामागोमाग सरकतात आणि सेकंदाच्या ६० व्या भागापेक्षा वेगवान शटरवर चौकट एकाच क्षणी पूर्ण उघडी नसते, त्यामुळे फ्लॅश चित्राच्या एका पट्ट्यावरच पडतो. म्हणून शटर १/६० वर आणावे लागते, छिद्र एफ/२२ पर्यंत मिटवावे लागते, आणि २८ अंकाची फ्लॅशगन सव्वा मीटरच्या पुढे पूर्ण उजेड देऊ शकत नाही. सूर्यापेक्षा दोन पायऱ्या कमी एवढाच भर द्यायचा असला तरी तिची मर्यादा अडीच मीटर राहते. यशिका-मॅट १२४ जी सारख्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात शटर भिंगातच पाकळ्यांचे असल्याने सेकंदाच्या ५०० व्या भागापर्यंत फ्लॅश चालतो, छिद्र एफ/८ ठेवता येते आणि तीच फ्लॅशगन साडेतीन मीटरवर पूर्ण, तर सात मीटरवर भर-उजेड देते. भर उन्हात चालणारी दिंडी टिपायची असेल तर फ्लॅशगनच्या ताकदीपेक्षा कॅमेऱ्याच्या शटरचा प्रकार अधिक निर्णायक ठरतो तो असा.

याशिवाय तिसरा, बिनखर्ची मार्ग जमिनीतच असतो. चुन्याने रंगवलेली भिंत, फिकट मुरूम किंवा शेजारच्या माणसाचे पांढरे उपरणे सूर्याचा उजेड खालून परत फेकते आणि हनुवटी व डोळे उजळते. काळी कसदार जमीन तो शोषून घेते. म्हणून एकाच दुपारी एकाच माणसाचे चित्र मुरमाच्या माळावर फ्लॅशशिवाय साधते आणि काळ्या रानात साधत नाही.

कोरीव दगड आणि गाभाऱ्यातला अंधार

वास्तूंच्या बाबतीत उजेडाची दिशा हा कळीचा मुद्दा आहे. नगर शहरातील दमडी मशीद ही १५६७ च्या सुमाराची निजामशाही वास्तू तिच्या दगडी कोरीवकामासाठी ओळखली जाते, आणि मशिदीचा किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, भारतात पश्चिमेला असल्याने तिचा दर्शनी भाग पूर्वेकडे आहे. सूर्योदयानंतर लगेच उजेड दर्शनी भागावर समोरून पडतो तेव्हा नक्षी सपाट दिसते. सूर्य वर चढून उजेड दगडाला घासत खाली येऊ लागला की प्रत्येक खाचेला सावली मिळते आणि नक्षी उठून येते. दुपारनंतर सगळा भाग छायेत जातो. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश नेहमीच सकाळच्या समोरच्या उन्हासारखा वागतो, म्हणजे ज्या सावल्यांमुळे कोरीवकाम दिसते त्याच तो नाहीशा करतो. तो कॅमेऱ्यापासून वेगळा करून, तारेने जोडून, बाजूने तिरका मारला तर मात्र दहा वाजताचे ऊन दुपारी तीन वाजताही उभे करता येते.

देवळांच्या आत प्रश्न अधिक बिकट होतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातील हेन्री कझिन्स यांच्या दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरील १९३१ च्या ग्रंथात रतनवाडी, टाहाकारी, कोकमठाण आणि पेडगाव या आजच्या नगर जिल्ह्यातील स्थळांचा समावेश आहे. त्या काळच्या काचेच्या पट्ट्यांवर मंद उजेडात चित्र घ्यायचे तर कॅमेरा तिकाटण्यावर पक्का करून शटर बराच वेळ उघडे ठेवणे, आणि दारातून येणारा सूर्यप्रकाश आरशाने किंवा पांढऱ्या कापडाने आत वळवणे हे छायाचित्रकारांचे सर्वपरिचित उपाय होते. कृत्रिम उजेडाचा पर्यायही तोवर जुना झाला होता. मॅग्नेशियमची तार जाळून चित्र घेण्याचे प्रयोग १८६० च्या दशकातच झाले होते, आणि १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीटे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची स्फोटक पूड तयार केली. तिने क्षणात लख्ख उजेड पडे, पण पाठोपाठ पांढरा धूर खोलीभर पसरे आणि भाजण्याचा धोका असे. काचेच्या फुग्यात बंद केलेला फ्लॅशबल्ब १९२९ च्या सुमारास जर्मनीत बाजारात आला तेव्हा धुराचा प्रश्न मिटला. प्रत्येक चित्राला एक बल्ब खर्ची पडे, हा त्याचा दोष उरला. पुन्हापुन्हा चालणारी इलेक्ट्रॉनिक नळी १९३० च्या दशकात अमेरिकेतील हॅरल्ड एजर्टन यांच्या संशोधनातून पुढे आली.

हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वराच्या लेण्यात या सर्व उपायांची परीक्षा होते. कमरेएवढ्या थंड पाण्यात उभे असलेले मोठे शिवलिंग आणि त्याभोवतीच्या चार खांबांपैकी शाबूत राहिलेला एकच खांब, ही तेथील रचना सर्वपरिचित आहे. समोरून फ्लॅश मारला तर पाण्याच्या पृष्ठभागावर त्याचा पांढरा डाग पडतो, पुढचा कातळ उजळून जातो आणि मागची भिंत काळीच राहते. अशा ठिकाणी खुल्या फ्लॅशची पद्धत उपयोगी पडते : कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून शटर उघडेच सोडायचे आणि हातातली फ्लॅशगन कॅमेऱ्याला न जोडता एकदा डावीकडून, एकदा खांबामागून, एकदा छताकडे अशी वेगवेगळ्या जागांवरून मारायची. अंधारामुळे मधल्या वेळेची नोंद जवळजवळ होत नाही आणि सगळे लखलखाट एकाच निगेटिव्हवर जमा होतात. मात्र असे चित्र सुबक असले तरी त्यातील उजेड त्या लेण्यात कधीच नव्हता. अभ्यासकाला खांबाची घडण पाहायची असेल तर ते योग्य आहे. तेथे जाणाऱ्या भाविकाला काय दिसते हे नोंदवायचे असेल तर लेण्याच्या तोंडातून येणाऱ्या मंद उजेडात दीर्घकाळ उघडे ठेवलेले शटरच खरे सांगते.

त्याच गडाच्या कोकणकड्यावर फ्लॅश पूर्णपणे निरुपयोगी ठरतो. सूर्य पाठीशी आणि धुके समोरच्या दरीत असताना तेथे स्वतःच्या सावलीभोवती वर्तुळाकार इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र, दिसते. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांच्या १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या हवामानावरील निबंधात हरिश्चंद्रगडावरील या दृश्याची नोंद आहे. धुक्यात फ्लॅश मारला की जवळचे जलकण उजळून चित्रावर पांढरा पडदा येतो, आणि ज्या सूर्यकिरणांमुळे ते वर्तुळ घडले आहे त्यांत फ्लॅशला काहीच भर घालता येत नाही.

मांडव आणि फड

फिल्मवरचा फ्लॅश घरोघर पोहोचला तो लग्नांतून. नगर, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव अशा बाजारपेठेच्या गावांतील स्टुडिओवाल्यांनी काढलेल्या रंगीत प्रिंटांचे अल्बम आजही घरांतील कपाटांत आहेत, आणि त्यांतील चित्रांचे एक समान लक्षण असे की नवरानवरी लख्ख दिसतात पण मांडव, आचारी, वाजंत्री आणि मागची पाहुणेमंडळी अंधारात गडप झालेली असतात. छताकडे तोंड करून मारलेला, म्हणजे बाउन्स केलेला, फ्लॅश पसरट व सौम्य पडतो. परंतु लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात तो कापडाचाच रंग घेऊन चेहऱ्यांवर उतरतो, आणि जुन्या वाड्यांच्या धुराने काळवंडलेल्या लाकडी माळवदाला तो परतच फिरत नाही. चुन्याच्या पांढऱ्या खोलीत मात्र हीच युक्ती उत्तम चालते. स्टुडिओवाल्यांनी समोरून फ्लॅश मारण्याचा मार्ग पत्करला त्याला कारणही तसेच होते : रोल महाग, अंतरपाट एकदाच खाली जाणार, आणि चित्र आले नाही तर गिऱ्हाइकाला तोंड दाखवणे अशक्य. खात्री हा त्या उजेडाचा गुण होता आणि त्याची किंमत पार्श्वभूमीने चुकवली.

तमाशाच्या फडावर ही किंमत परवडत नाही. संगमनेर तालुक्यातील हिवरगावच्या पवळाबाई हिवरगावकर आणि शाहीर पठ्ठे बापूराव यांची जोडी या परंपरेत प्रसिद्ध आहे, तर २०२१ मध्ये निवर्तलेल्या कांताबाई सातारकर यांचे नाव संगमनेरशी जोडलेले आहे. जिल्ह्याचा तमाशाशी असलेला संबंध असा पिढ्यांचा आहे. मशालींपासून गॅसबत्तीपर्यंत आणि तेथून विजेच्या दिव्यांपर्यंत फडाचा उजेड बदलत गेला, तरी तो नेहमी बोर्डावरच, म्हणजे रंगमंचावरच, पडत राहिला आणि प्रेक्षक त्याच्या कडेच्या काळोखात राहिले. विजेच्या तापदिव्याच्या उजेडाचे रंगतापमान, म्हणजे उजेडाचा पिवळेपणा किंवा निळेपणा दाखवणारे माप, सुमारे ३,२०० केल्विन असते आणि दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली फिल्म ५,५०० केल्विनच्या आसपास बेतलेली असते. त्यामुळे अशा फिल्मवर फड गर्द नारिंगी उतरतो. निळसर फिल्टरने रंग सुधारतो, पण जवळजवळ दोन पायऱ्यांचा उजेड खाल्ला जातो. कृष्णधवल फिल्ममध्ये रंगाचा प्रश्नच उरत नाही आणि ४०० एएसएची फिल्म १,६०० मानून वापरता येते, मात्र मग ती रसायनात अधिक वेळ धुवावी लागते आणि चित्रात कण व काळेपणा वाढतो.

फ्लॅश आणि दिवे यांची सांगड घालणारा मार्ग येथे सर्वाधिक फलदायी ठरतो. शटर सेकंदाच्या पंधराव्या भागावर ठेवून सौम्य फ्लॅश दिला तर फ्लॅश नाचणारीचा चेहरा आणि घुंगरांचा पाय स्तब्ध धरतो, आणि दिव्यांचा उजेड तिच्या पदराच्या हालचालीची रेघ ओढतो. फ्लॅशवर नारिंगी पारदर्शक कागद लावला तर दोन्ही उजेडांचा रंगही जुळतो. मात्र अंधारात बसलेल्या प्रेक्षकांवर अचानक पडणारा लखलखाट वगाच्या रंगात व्यत्यय आणतो, आणि तेथे तंत्राचा प्रश्न संपून शिष्टाचाराचा सुरू होतो.

तीन बल्ब

या शिष्टाचाराचे महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे आहे. १९४६ मध्ये अमेरिकी छायाचित्रकार मार्गारेट बोर्क-व्हाइट ‘लाइफ’ नियतकालिकासाठी चरख्यासह गांधीजींचे चित्र घेण्यास पुण्यात आल्या, तेव्हा त्यांना तीनच फ्लॅशबल्ब वापरण्याची परवानगी मिळाली आणि त्यांतील पहिले दोन प्रयत्न फसले, असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. त्या भेटीतील जे चित्र जगभर ओळखले जाते त्यात खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड स्पष्ट दिसतो, आणि पुढे ठेवलेला चरखा त्या उजेडासमोर आकृतीसारखा उभा राहतो. १९४८ च्या जानेवारीअखेर, गांधीजींच्या हत्येच्या वेळी, दिल्लीत बोर्क-व्हाइट यांच्याप्रमाणेच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ हेही होते. ते फ्लॅशचे ठाम विरोधक होते आणि असलेल्या उजेडातच काम करीत. या दोघांपैकी एकाला श्रेष्ठ ठरवण्याचे कारण नाही, कारण बोर्क-व्हाइट यांच्या कारखान्यांतील आणि खाणींतील चित्रांना कृत्रिम उजेडाशिवाय गत्यंतर नव्हते. बल्बांवरील मर्यादा मात्र बोलकी आहे : फ्लॅशचा त्रास समोरच्या माणसाला होतो आणि तो किती सोसायचा हे ठरवण्याचा हक्कही त्याचाच असतो.

काजव्यांचा मोसम

हाच हक्क माणसाबाहेरच्या जिवांना द्यावा लागतो तो अकोले तालुक्यात. मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस जम धरेपर्यंत भंडारदरा, रतनवाडी, घाटघर, पुरुषवाडी या परिसरातील झाडांवर काजव्यांचे थवे चमकतात. उडणारे नर ठरावीक लयीत चमकतात आणि पानांवर बसलेल्या माद्या त्यांना चमकूनच प्रतिसाद देतात. विजेरी, गाडीचे दिवे किंवा फ्लॅश यांनी ही देवाणघेवाण तुटते आणि मिलन हुकते. म्हणून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येणाऱ्या पर्यटकांना फ्लॅश व विजेरी न वापरण्याच्या सूचना वन विभाग देतो. छायाचित्राच्या दृष्टीनेही फ्लॅश येथे व्यर्थ आहे, कारण तो झाड दाखवील आणि काजवे पुसून टाकील.

फिल्मवर हे दृश्य टिपताना एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. फार मंद उजेडात फिल्मची प्रतिक्रिया सुस्तावते. शटर दुप्पट वेळ उघडे ठेवले तरी दुप्पट परिणाम मिळत नाही. याला व्यस्तप्रमाण नियमाचा भंग म्हणतात. इलफोर्ड एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मसाठी उत्पादकाने दिलेल्या सूत्रानुसार उजेडमापकाने १० सेकंद दाखवल्यास सुमारे २० सेकंद आणि ३० सेकंद दाखवल्यास जवळजवळ दीड मिनिट शटर उघडे ठेवावे लागते. संधिप्रकाशातले आकाश आणि झाडाचा आकार या नियमाच्या कचाट्यात सापडतात, काजवा मात्र सापडत नाही. त्याची प्रत्येक चमक क्षणिक असून फिल्मच्या एका बिंदूवर एकदाच पडते, त्यामुळे तिची ठळकता छिद्राच्या आकारावर, फिल्मच्या संवेदनक्षमतेवर आणि अंतरावर ठरते. शटर जास्त वेळ उघडे ठेवल्याने ठिपके अधिक उजळ होत नाहीत, त्यांची संख्या तेवढी वाढते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशची नोंद ज्या नियमाने होते त्याच नियमाने काजव्याचीही होते, आणि म्हणून फ्लॅशला सरसकट कृत्रिम व सूर्याला सरसकट नैसर्गिक म्हणून एकमेकांसमोर उभे करणारी विभागणी फिल्मच्या पातळीवर टिकत नाही.

टिकते ती दुसरी विभागणी. वारकऱ्याचा चेहरा, मशिदीची नक्षी किंवा अंतरपाटाआडचे वधूवर यांच्या चित्रात उजेड हे पाहण्याचे साधन असते, आणि साधन अपुरे असेल तर त्यात भर घालणे हा छायाचित्रकाराचा अधिकारच नव्हे, कर्तव्यही आहे. केदारेश्वराच्या लेण्यातला मंद उजेड, कोकणकड्यावरचे वर्तुळ, काजव्यांचे झाड आणि बऱ्याच अंशी फडावरची रात्र यांत उजेड हाच विषय असतो. तेथे आणलेला परका उजेड चित्र स्पष्ट करतो आणि त्यातला विषय नाहीसा करतो. उजेड येथे साधन आहे की विषय, रोल घालण्यापूर्वी विचारायचा प्रश्न एवढाच उरतो, आणि फिल्म तो पुढे ढकलू देत नाही : चित्र झाले की नाही हे निगेटिव्ह धुवून आल्यावरच कळणार असल्याने निवड जागेवर आणि जबाबदारीने करावी लागते. लग्नाच्या अल्बमांतून हरवलेले मांडव पाहता, ही निवड सवयीने केली तर कुटुंबाच्या आणि गावाच्या इतिहासातून काय गळून पडते याचा पुरावा जिल्ह्यातील कोणत्याही घरात सापडेल.